फोनवरचं पहिलं वाक्य

नलूताईंचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायचं ठरवलं असतं तरी पंचाईत होती, कारण त्यांची नावं दोन होती आणि मला बराच काळ एकच ठाऊक होतं. म्हणून दोन्ही बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं आहे.

लीड्सला आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलो. तो सकाळी सातला बाहेर पडायचा आणि मी, पुण्याची स्टॅटिस्टिक्समधली एम.एस्सी., खिडकीत बसून समोरच्यांचा कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर येतो ते पाठ करायची. वेड लागायची पाळी आली तेव्हा युनिव्हर्सिटीत एक काम मिळालं. टांझानियातल्या काही गावांमध्ये एचआयव्हीच्या पेशंटना औषधं नुकतीच फुकट मिळायला लागली होती. ही औषधं जन्मभर घ्यायची असतात. पण वर्ष-दीड वर्षात बरेच पेशंट दवाखान्यात यायचेच बंद होत. असं का होतं, ते त्यांनाच फोन करून विचारायचं, असा प्रोजेक्ट होता. 'पुढे आम्ही फोन केला तर चालेल' असं त्या सगळ्यांनी आधी लिहून दिलेलं होतं. आलेली उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझं.

फोन करायचं काम नलूताईंचं. पहिल्या दिवशी तळघरातल्या त्या ऑफिसचं दार उघडलं तर साठीच्या एक बाई खुर्चीवर स्वतःची उशी मांडत होत्या. सुती साडी, वर पुरुषी मापाचा कार्डिगन, पायांत स्पोर्ट्स शूज. हेलन म्हणजे आमची बॉस. ती म्हणाली, "दिस इज नलू. शी इज अवर व्हॉइस." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मराठीत विचारलं, "डबा आणलायस ना? इथलं कॅन्टीन अगदी भिकार आहे."

त्यांचा जन्म दार-एस-सलामचा, त्या नुसतं 'दार' म्हणायच्या. वडील तिथे रेल्वेत कारकून. स्वाहिली त्यांना मराठीइतकीच यायची, आणि भांडायची वेळ आली तर मराठीपेक्षा जास्त चांगली. लग्नही तिथेच झालं. सासरच्यांनी लग्नात नाव बदललं. जुनं नाव काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ती मुलगी दारला राहिली. तिला कशाला बोलावतेस इथे थंडीत?" उतारवयात नवऱ्याबरोबर त्या लीड्सला आल्या आणि दोनच वर्षांत नाना गेले. छातीचं काहीतरी झालं होतं, एवढंच महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना माहीत होतं. मूलबाळ नव्हतं. मंडळात त्यांची ओळख नारळीभातापुरती होती. प्रत्येक कार्यक्रमाला त्या पातेलं घेऊन यायच्या आणि आभारप्रदर्शनाच्या आधी निघून जायच्या.

त्यांच्या मनगटावर शाळकरी पोराला शोभेल असं काळं डिजिटल घड्याळ असायचं. ते सकाळी बरोबर साडेआठला पी-पी करायचं. मग फोन चालू असला तरी नलूताई पर्समधून चांदीचा कुंकवाचा करंडा काढायच्या, त्यातल्या गोळ्या तोंडात टाकायच्या आणि एका घोटात गिळायच्या. "बीपी," असं सांगायच्या. "नाना गेल्यावर करंडा रिकामाच पडला होता. म्हटलं, वापरात तरी राहील." मी त्यांना त्या घड्याळावरून भयंकर चिडवायची. एकदा बसमध्ये ते वाजलं तेव्हा दोन शाळकरी पोरांनी आपापली मनगटं तपासली होती. तो किस्सा मी निदान दहा जणांना तरी रंगवून सांगितला असेल.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, "फुकट औषध मिळतंय, जीव वाचतोय, तरी घेत नाहीत म्हणजे कमाल आहे हो या लोकांची!"  नलूताईंनी दुसरा हेडफोन उचलून माझ्या कानाला लावला.

त्यांची फोन करायची एक रीत होती. पलीकडे कोण आहे ते कळेपर्यंत दवाखाना, औषध, तब्येत यातला एकही शब्द काढायचा नाही. नवऱ्याने किंवा सासूने फोन घेतला तर आपण कापडवाली. तिकडच्या बायका खांगा नावाचं छापील कापड नेसतात, त्याचा नवा माल आलाय म्हणायचं आणि फोन ठेवायचा. खुद्द पेशंट असला तरी घाई नाही. घरचे कसे आहेत, पोरं शाळेत जातात का, मका कसा आलाय, पाऊस झाला का, असं सगळं रीतसर विचारून झालं की मग हळूच म्हणायचं, "बऱ्याच दिवसांत तुम्ही दिसला नाहीत." का आला नाहीत, असं कधीच नाही. "पहिलं वाक्य जमलं की पुढचं माणूस आपणहून बोलतं," त्या म्हणायच्या. "आणि पहिलं चुकलं तर ते परत हाती लागत नाही बघ."

त्या सकाळी पहिला फोन एका म्हाताऱ्याने उचलला. मुलीची चौकशी केल्यावर तो बराच वेळ बोलत राहिला, आणि नलूताई नुसत्या 'पोले, पोले' करत होत्या. स्वाहिलीत दुःखात असलेल्या माणसाला असं म्हणतात. मला ती भाषा कळत नव्हती, पण प्रत्येक फोननंतर त्या मला सगळं मराठीत सांगायच्या. मुलगी वारली होती. दवाखान्यातून तिला रागावणाऱ्या दोन चिठ्ठ्या गेल्या होत्या, त्या तिच्या मातीनंतर पोचल्या. दुसऱ्या फोनवरचा माणूसही वारला होता. दुपारपर्यंत आणखी एक. आमच्या फॉर्मवर न येणाऱ्या सगळ्यांना एकच शब्द होता, लॉस्ट. हरवलेले. मी पुण्याहून इतकी गणितं शिकून आलेली, पण हरवलेला माणूस मेलेला असू शकतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

जिवंत असलेल्यांचं ऐकणं तर त्याहून कठीण. एका बाईने सांगितलं, गोळ्या घ्यायला लागल्यापासून अंगात ताकद आली, तशी भूकही लागायला लागली, भलतीच. आणि घरात एक वेळचं शिजत होतं. पोरांच्या ताटाकडे आपली नजर जायला लागली म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. हे ती अगदी सहज सांगत होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि त्या दिवशी जेवले नाही. नलूताई मात्र जेवल्या. "तू उपाशी राहून तिचं पोट भरणार आहे का? खा!" असं मला दरडावलंसुद्धा. मग मागे वळून त्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं.

एक शिंपी होता. भावाच्या मयताला गेला म्हणून त्याची एक तारीख चुकली. पुढच्या वेळी नर्सने भर रांगेत त्याचा उद्धार केला, शेवटी बसवलं, आणि औषधाचं महत्त्व या विषयावर पहिल्यापासून भाषण दिलं. तो परत गेलाच नाही. नलूताईंनी त्याला महिनाभर दर मंगळवारी फोन केला. औषधाचं नाव नाही. नुसतं शिवणकामावर बोलायचं, ब्लाऊजला अस्तर लावावं की नाही वगैरे. पाचव्या मंगळवारी तोच म्हणाला, "मामा नलू, ती नर्स अजून तिथेच आहे का?" तिकडे वयस्क बाईला मामा म्हणतात. नर्सची बदली झालेली होती. तो दुसऱ्या दिवशी गेला. हे आमच्या प्रोजेक्टच्या नियमात अजिबात बसत नव्हतं. हेलनला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली, आणि मग तिने नलूताईंसाठी केक आणला.

आणि एक रेहेमा होती. तिची गोष्ट मला नीट सांगायला हवी.

रेहेमा दोन वर्षं न चुकता औषध घेत होती. प्रकृती उत्तम. एक दिवस यायची बंद झाली. नलूताईंनी हळूहळू बोलतं केलं तेव्हा कळलं की दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर एक नवीन मुलगी आली होती, आणि ती रेहेमाच्या गावची निघाली. रेहेमाने तिला दारातूनच पाहिलं आणि तशीच मागे फिरली.

"अहो पण त्यात काय झालं?" मी म्हटलं. "आपल्या गावची मुलगी म्हणजे उलट बरंच की! आपुलकीने वागेल, रांगेत थांबायला लागणार नाही."

नलूताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी मोठं समजावणार. पण त्या म्हणाल्या, "तुझ्या यादीत हे कारण आहे का?"

माझ्याकडे कारणांचे नंबर होते. एक म्हणजे अंतर, दोन म्हणजे पोटापाण्याची अडचण, असे करत शेवटचा नऊ नंबर, 'इतर'.

"नाही. नऊ घालते."

"घाल. नऊ घाल," नलूताई म्हणाल्या, आणि पुढचा नंबर फिरवायला लागल्या.

रेहेमा परत गेली नाही. नलूताईंनी मंगळवार केले, खांगा विकले, सगळं केलं. पाचेक महिन्यांनी तिचा फोन तिच्या बहिणीने उचलला, आणि नलूताई पुन्हा 'पोले, पोले' म्हणायला लागल्या. त्या दिवशी नलूताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, उशी काखेत मारली आणि अकरा वाजताच घरी निघून गेल्या. दोन वर्षांत असं त्यांनी एवढ्या एकाच वेळी केलं.

प्रोजेक्टची मुदत संपली तशी आम्ही दोघीही मोकळ्या झालो. मी अर्ज टाकत सुटले, आणि लीड्समध्येच, एका हॉस्पिटलच्या एचआयव्ही क्लिनिकमध्ये मला रिसेप्शनवर नोकरी लागली. हा अनुभव बघूनच घेतलं त्यांनी मला. माझा आनंद गगनात मावेना. बेसनाचे लाडू घेऊन मी थेट नलूताईंच्या घरी धडकले.

त्या ओट्यापाशी चहा गाळत होत्या. मी क्लिनिकचं नाव सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"कुठले दिवस असतेस?"

"रोज! मंडे टू फ्रायडे, नऊ ते पाच. येणारा प्रत्येक पेशंट आधी माझ्यापुढेच उभा राहणार, बोला!"

"रोज," त्या म्हणाल्या. मग उरलेला चहा गाळला. लाडू खाल्ला, बेसन छान भाजलंस म्हणाल्या. निघताना दारात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कुणावर रागावू नकोस हं तिथे."

मी हे सगळं कौतुक समजून घरी घेऊन आले.

नंतर भेटी कमी झाल्या. मंडळाच्या संक्रांतीला त्या दिसल्या, जरा वाळलेल्या. मनगटावर सोन्याचं नाजूक घड्याळ होतं. मी ओरडलेच, "अय्या, नवं घड्याळ! गेलं वाटतं ते पोरकट, एकदाचं?"

"गेलं," नलूताई म्हणाल्या, आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

क्लिनिकमध्ये वर्ष उलटून गेल्यावर सिस्टरने माझ्याकडे एक यादी दिली. यायचे बंद झालेल्या पेशंटना फोन करायचे होते, आणि त्यातली तज्ज्ञ म्हणजे अर्थात मी. तिथे पेशंटना हवं ते नाव सांगायची मुभा असते, कुणी कागदपत्रं मागत नाही. यादीत फक्त नाव आणि मोबाइल नंबर. स्मिथ, मोयो, बांदा, आणि मध्येच कुसुम प्रधान.

मराठी नाव बघून मला धक्का बसला, हे कबूल करते. आपल्यातही? असं आलंच मनात. दोन वर्षं ते फोन ऐकूनसुद्धा आलं. आणि मग भलताच कळवळा दाटून आला. बिचारी एकटी असेल, इंग्रजी येत नसेल, तिला धीर देणारं आपलं असं कुणी नसेल. मी नंबर लावला. पलीकडून कुणीतरी फोन उचलला. हॅलोची वाटही न बघता मी माझ्या गोडातल्या गोड आवाजात म्हटलं, "नमस्कार, कुसुमताई का? घाबरू नका हं, मी क्लिनिकमधून बोलतेय. मी मराठीच आहे. आपलीच समजा."

 पलीकडून सावकाश, स्वच्छ इंग्रजीत उत्तर आलं, "सॉरी. राँग नंबर."

तीन शब्द. पण दोन वर्षं रोज सकाळी हेडफोनमधून कानात पडलेला तो आवाज मी ओळखणार नाही?

फोन कधीच बंद झाला होता आणि मी तो तसाच कानाशी धरून बसले होते. कुणीतरी काउंटरवर येऊन "एक्सक्यूज मी" म्हणत होतं. मला रेहेमा आठवली. टेबलावरची गावची मुलगी आठवली. दारला राहिलेली ती मुलगी, करंडा, साडेआठचं ते घड्याळ, गाळता गाळता थांबलेला चहा, सगळं एकाच वेळी अंगावर आलं. मी कॉम्प्युटरवर कुसुम प्रधानची शेवटची भेट काढून पाहिली. मी रुजू झाले त्याच्या आदल्या महिन्यातली होती. त्याआधी आठ वर्षांत तिने एकही तारीख चुकवली नव्हती. 

कुणाशी बोलायचं? नवऱ्याला सांगता येत नव्हतं, पेशंटबद्दल बाहेर बोलणार नाही अशी सही करून दिलेली. नलूताईंकडे जाऊन काय म्हणू? गेले की मला कळलंय हे त्यांना कळणार, आणि नेमक्या त्यालाच तर त्या भिऊन होत्या. शेवटी एकच सुचलं. मी बदली मागितली. ती मिळायला दोन महिने गेले. डोळ्यांच्या विभागात रुजू झाले त्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता. मी तिथे प्रत्येकीला गाठून, गरज नसताना, मोठमोठ्याने सांगत सुटले की बाई, मी ते क्लिनिक सोडलं, आता तिथे सगळे गोरे आहेत, आपलं कुणी नाही. नलूताईंच्या कानावर हे जायला हवं होतं. मी त्यांना शोधत होते. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अगं, त्या कुठल्या येतायत! न्यूमोनिया झालाय, अॅडमिट आहेत."

मंडळाच्या तीन बायकांबरोबर मी वॉर्डात गेले. नलूताई पांढऱ्या उशीवर इतक्याशा झाल्या होत्या. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "जा बघू, खालून चहा घेऊन या. ही बसेल माझ्यापाशी."

त्या गेल्यावर म्हणाल्या, "डोळ्यांकडे गेलीस म्हणे."

"हो."

"चुकलीस तू फोनवर. पहिल्याच वाक्याला." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "मराठी बोलायचं नव्हतं."

मी रडायला लागले. "ताई, दुसऱ्या गावी जायचं होतंत. ब्रॅडफर्डला, कुठेही."

"नवीन डॉक्टर, नवीन नर्स. नानांपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. एकदा सांगितलं गं. दुसऱ्यांदा नसतं जमलं."

"मी कुणाला सांगितलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"छे. तू जीव गेला तरी सांगितलं नसतंस." त्यांनी माझा हात धरला. "पण मी नारळीभात वाढला असता, आणि घास घेण्याआधी तू एक क्षण थांबली असतीस. तेवढंच. ते मला बघायचं नव्हतं."

नसते थांबले, असं मला म्हणायचं होतं. पण यादीतलं मराठी नाव बघून मनात काय आलं होतं ते मला आठवत होतं. 

"इथल्या डॉक्टरांना आजार सांगितलाय," त्या म्हणाल्या. "गोळ्या दारला घेत होते म्हटलं. कुसुमचं तिकडे क्लिनिकमध्ये बोलू नकोस. ती राहू दे तशीच."

मी मान डोलावली.

बारा दिवसांनी त्या गेल्या. शोकसभेत सगळ्यांनी न्यूमोनियाला दोष दिला आणि नारळीभाताची आठवण काढली. त्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर कुसुम प्रधान आजही 'लॉस्ट' असेल. एखादी नवी मुलगी अधूनमधून तो नंबर लावूनही बघत असेल. मी एक फोन केला तर ती नोंद बरोबर होईल. इतकी वर्षं झाली, मी तो केलेला नाही.

त्या दिवशी वॉर्डातून निघताना मी दारात वळून पाहिलं. बायका चहाचे कागदी कप घेऊन परत आल्या होत्या. नलूताईंनी एकीला विचारलं, "कसाय इथल्या कॅन्टीनचा चहा?" ती म्हणाली, "भिकार!" नलूताई हसल्या, आणि हसता हसता माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.